कंटकशोधन

कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे चौथे अधिकरण ‘कंटकशोधन’ ह्या नावाचे आहे. तोलमापात लबाडी करणारे, खोटी नाणी पाडणारे, प्रजेस नाडणारे अधिकारी अशा सर्वांस ग्रंथकर्त्याने काटे म्हटले असून राज्याच्या वाटेवरून ते कसे दूर करावेत, ह्याचे तेथे विवेचन आहे. ह्या ग्रंथाची हस्तलिखित प्रत १९०५ साली म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती आली आणि १९०९ साली त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. तेव्हापासून सरकारी नोकरीतील सुशिक्षित मंडळी ह्या शब्दाचा लाक्षणिक अर्थ तेवढा घेत आली. आम्ही मात्र आज तो शब्द अक्षरशः घेणार आहोत. बंगळूरच्या उत्तरेस, हेब्बाळच्या बाजूला सायकल चालविणाऱ्याच्या चाकात जो काटा मोडतो, तो तेथे आणला कोणी आणि तो काढावा कसा, एवढाच ह्या लेखाचा विषय. विषय क्षुद्र वाटेल. परंतु ह्या काट्याच्या इतिहासात पावलोपावली सरकारी कागद आडवा येतो, आणि आपण वाचक बहुतेक सरकारी कागदावरच पोट भरणारे. तेव्हा तो अगदीच टाकून देण्याजोगा नाही.

हेब्बाळ हे आज शहराचे उत्तरद्वार झाले आहे. २००८ साली देवनहळ्ळीजवळ नवा विमानतळ सुरू झाला आणि तिकडे जाणारी अफाट रहदारी हेब्बाळच्या उड्डाणपुलावरून वाहू लागली. पुलावरून मोटारीने जाणाऱ्यास काट्याची वार्ता नसते. परंतु पुलाखालून तळ्याच्या काठाने, रेल्वेच्या रुळांलगत, किंवा कृषी विद्यापीठाच्या आवाराकडील मातीच्या वाटांनी जो सायकलवरून जातो, त्याची काट्याशी नित्य गाठ आहे. हा मुलूख मूळचा उंच माळाचा, झुडपांचा आणि तळ्यांचा. १८९९ साली म्हैसूरच्या राजमाता केंपनंजम्मण्णी यांनी येथे शेतीच्या प्रयोगांसाठी ३० एकर जमीन दिली. पुढे १९१३ साली कृषिशाळा, १९४६ साली महाविद्यालय आणि १९६४ साली विद्यापीठ, अशी येथील विद्येची चढती कमान आहे. शेतीची विद्या आली, तशी कुंपणे आली. आणि कुंपण आले की काटा आलाच.

ह्या वाटांवर चाकाला भेटणारे काटे मुख्यतः तीन जातींचे. पहिला आपल्या ओळखीच्या बाभळीचा. तो पांढरट, सरळ आणि जोडीने येणारा. हिरव्या फांदीवर तो सहसा चाकाच्या वाटेस जात नाही. कुंपणासाठी तोडून ओढत नेलेल्या फांदीतून गळून पडला आणि उन्हात वाळला, म्हणजे तो खिळ्यासारखा टणक होतो. दुसरा सराट्याचा, म्हणजे गोखरूचा. जमिनीसरसा पसरणाऱ्या ह्या वेलीचे फळ पिकले की त्याच्या पाच फाका होतात आणि प्रत्येक फाकेस अणकुचीदार काटे असतात. फाक कशीही पडली, तरी एखादा काटा आकाशाकडे रोखलेला राहतोच. संस्कृतात ह्याच वनस्पतीस ‘त्रिकंटक’ आणि ‘श्वदंष्ट्रा’ म्हणजे कुत्र्याची दाढ, अशी नावे आहेत. शत्रूच्या वाटेवर पसरावयाच्या लोखंडी काट्यांसही जगातल्या अनेक भाषांनी ह्याच वनस्पतीचे नाव दिले आहे. तिसरा काटा वेड्या बाभळीचा. सोलापूर-मराठवाड्याकडील वाचकांस तिची ओळख करून द्यावयास नको. कानडी मुलखात तिला ‘बळ्ळारी जाली’ म्हणतात; आणि योगायोग असा, की हेब्बाळवरून उत्तरेस जाणाऱ्या रस्त्याचे नावही बळ्ळारी मार्ग असेच आहे.

आता ह्या काट्यांचा इतिहास पाहू. काटा ही निसर्गाची वस्तू, हे खरे. परंतु तो रस्त्याच्या कडेस दाटीने उभा राहिला, तो बहुधा माणसाने उभा केला म्हणून. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे बंगळूर घ्या. १७९१ च्या मार्च महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने येथील पेठेवर चाल केली, तेव्हा पेठेच्या तटाला खंदक तर होताच. शिवाय तट आणि खंदक ह्यांच्यामधल्या पट्टीवर मुद्दाम वाढविलेल्या काटेरी झाडांचे अभेद्य रान होते. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत श्रीरंगपट्टणापुढे टिपूची छावणी होती, तीही अशाच काटेरी वेढ्याच्या आत. हरिपंत फडके यांच्या हाताखालील पेशव्यांची फौज त्या मोहिमेत इंग्रजांच्या जोडीला होती. आपल्या मराठी घोडेस्वारांनी कर्नाटकातील हा राखीव काटा तेव्हाच डोळे भरून पाहिला असेल.

त्या काळी काटा राज्य राखीत होता. पुढे तो महसूल राखू लागला. मिठावरील जकात चुकू नये म्हणून इंग्रजी सरकारने सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैलांची जी जकातरेषा आखली होती, तिच्या मोठ्या भागावर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशा झाडांचे कुंपण वाढविले होते. ही रेषा बऱ्हाणपूरच्या बाजूने वळसा घेऊन पूर्वेकडे जात असे. ह्या कुंपणाची जोपासना ज्यांनी विशेष नेटाने केली, ते जकातखात्याचे आयुक्त ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हेच ह्यूमसाहेब पुढे १८८५ साली राष्ट्रसभेच्या स्थापनेत अग्रभागी होते. १८७९ साली ती रेषा मोडण्यात आली आणि कुंपण ओसाड पडले. एका हुकुमाने हजारो मैल काटे उभे करावेत आणि दुसऱ्या हुकुमाने ते वाऱ्यावर सोडावेत, हा सरकारी रिवाज तेव्हापासूनच चालत आला आहे.

वेड्या बाभळीची कथा ह्याहून बोलकी आहे. १८७६ साली मद्रास इलाख्यातील वनखात्याचे अधिकारी लेफ्टनंट कर्नल बेडोम यांनी महसूल खात्यास पत्र लिहून ह्या झाडाचे बी मागविण्याची विनंती केली. रुक्ष मुलखात जळण मिळावे आणि उघडी जमीन झाकली जावी, हा त्यांचा हेतू होता. त्याच सुमारास दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या विनंतीतील कळकळ कळते. जमैकातून बी आले आणि १८७७ साली कडप्पा जिल्ह्यातील कमलापुरम येथे त्याची लागवड झाली. झाड सांगितल्या कामास उतरले. पाऊस नसला तरी ते जगे. गुरे त्याच्या गोड शेंगा खात आणि शेणातून त्याचे बी चहूकडे रुजवीत. गरिबाच्या चुलीला जळण मिळाले, कोळसा पाडणाऱ्यांस धंदा मिळाला. परंतु तळ्यांचे काठ, गायराने, रस्त्यांच्या कडा हे सारे त्याने कोणास न विचारता व्यापले. अखेर २०१७ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने हे झाड उपटून काढण्याचे आदेश दिले. एका पत्रापासून त्या आदेशापर्यंत सुमारे १४० वर्षे गेली. त्या पत्राच्या लेखकास आम्ही दोष देत नाही. तो उत्तम वनस्पतिशास्त्रज्ञ होता आणि त्याचा हेतू लोककल्याणाचा होता. परंतु त्या पत्रात जळणाचा विचार होता, सावलीचा होता. त्या वाटेने पुढे कोण चालणार, हा विचार नव्हता. आणि रबरी चाकाचा विचार तर असणेच शक्य नव्हते. कारण ते चाक अद्याप रस्त्यावर आलेच नव्हते.

त्या चाकाचा जन्मही सांगण्याजोगा आहे. रबरी नळीत हवा भरून ती चाकावर चढविण्याची कल्पना रॉबर्ट टॉमसन ह्या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ सालीच नोंदविली होती; पण ती विसरली गेली. १८८८ साली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप ह्या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच युक्ती पुन्हा शोधून काढली. दुसऱ्याच वर्षी बेलफास्टच्या शर्यतीत हवेच्या चाकांवर बसलेल्या विली ह्यूमने घन रबरी चाकांच्या स्वारांस मागे टाकले आणि घन चाकाचे दिवस भरले. मात्र त्याबरोबर जगात एक नवे दुःख जन्मास आले. बैलगाडीच्या लोखंडी धावेस काटा रुतत नव्हता. घन रबरात तो रुतला तरी बिघडत नव्हते. हवेच्या चाकाचे सारे सुख एका पातळ पडद्यावर उभे, आणि त्या पडद्यास बाभळीच्या एका काट्याचे भय!

डनलॉपचे पहिले टायर चाकाला चिकटवून आणि कापडाने गुंडाळून बसविलेले असे. त्यामुळे छिद्र बुजविणे म्हणजे चाकच उकलणे. ही अडचण ओळखून फ्रान्समधील मिशलँ बंधूंनी १८९१ साली सहज काढता-घालता येणारे टायर बनविले आणि त्याच वर्षी शार्ल तेराँ ह्या स्वाराने त्याच्या बळावर पॅरिस ते ब्रेस्त आणि परत ही लांब शर्यत जिंकली. पुढल्या वर्षीच्या एका शर्यतीत ह्या बंधूंनी आपल्या मालाचा गुण दाखविण्यासाठी रस्त्यावर मुद्दाम खिळे पसरविले, असे सांगतात. त्यांच्या ह्या द्वाडपणात एक शहाणपण होते. काटा टोचणारच नाही असे चाक त्यांनी शोधले नाही; टोचला तर रस्त्याच्या कडेला बसून थोड्या वेळात दुरुस्त होईल, असे चाक शोधले. पंक्चरचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला, तो तेथे.

मराठी माणसाचाही ह्या चाकाशी जुना ऋणानुबंध आहे. डनलॉपच्या शोधाचे जे वर्ष, १८८८, त्याच वर्षापासून किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ मोजतो. आणि त्या उद्योगाचे मूळ बेळगावातील सायकलींच्या दुकानात आहे. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकीत आणि फी घेऊन चालवावयास शिकवीत. पुढे नांगराचा कारखाना निघाला आणि बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९१० साली कुंडलजवळ ३२ एकरांचा माळ दिला. तो माळ निवडुंगाने आणि सापांनी भरलेला होता. सायकलीच्या दुकानदाराने आपली किर्लोस्करवाडी वसविली, ती काटे उपटूनच. त्याच घराण्याने १९४६ साली बंगळूरात विजेच्या यंत्रांचा कारखाना काढला, हे येथील वाचकांस ठाऊक असेलच.

१९३६ साली बंगालमध्ये साहागंज येथे डनलॉपचा कारखाना उभा राहिला आणि स्वातंत्र्यानंतर आसनसोल, मद्रास, लुधियाना, सोनिपत येथून देशी सायकली निघू लागल्या. पोस्टमन, शिक्षक, तलाठी, दूधवाला, गिरणी-कारखान्यांतला कामगार आणि आमच्यासारखा कारकून, असे सारे दोन चाकांवर आले. चाक आणि काटा ह्यांची गाठ आता देशभर पडू लागली आणि झाडाखाली, भिंतीच्या आडोशाला, एक नवा कारागीर बसू लागला. त्याचे भांडवल थोडे. एक पंप, पाण्याची घमेली, दोन-तीन पाने, पॉलिशपेपर, रबराचे सोल्युशन आणि जुन्या ट्यूबची ठिगळे. ह्या कारागिराच्या कामास मराठीने फार मार्मिक शब्द योजला आहे. इतर भाषा पंक्चर जोडतात, बुजवितात किंवा लावतात. आम्ही पंक्चर ‘काढतो’. काटा काढतात, तसेच पंक्चर काढतात. भाषेने येथे कारागिराच्या हातचे अर्धे रहस्य सांगून टाकले आहे.

ते रहस्य असे. नवशिका मनुष्य ट्यूब बाहेर काढतो, पाण्यात धरतो, बुडबुडे येतात ती जागा घासून ठिगळ लावतो आणि सारे पुन्हा बसवून निघतो. फर्लांगभर गेला नाही तोच चाक पुन्हा बसते. कारण ठिगळ ट्यूबला लागले, पण काट्याचे मोडलेले टोक टायरातच राहिले. जाणता कारागीर ट्यूब टायरापासून पुरती वेगळी करण्यापूर्वीच व्हॉल्व्हची जागा मनाशी धरून ठेवतो. ट्यूबेवर छिद्र सापडले की व्हॉल्व्हपासून तितक्याच अंतरावर टायर चाचपतो. बाहेरून काही दिसले नाही, तर टायराच्या आतून बोट हळूहळू फिरवितो. कधी बोटाऐवजी कापडाचा बोळा फिरवितो आणि धागा जेथे अडकेल तेथे थांबतो. केसाएवढे टोक चिमट्याने ओढून काढल्यावरच तो ठिगळाकडे वळतो. शेजारी-शेजारी दोन छिद्रे दिसली, तर तो काट्याचा शोधच घेत नाही. कमी हवेमुळे ट्यूब लोखंडी कड्यात चिमटली, हे तो जाणतो.

काटेरी मुलखात सायकल चालविणाऱ्यांनी पाळावयाचे नियमही थोडेच आहेत. टायर झिजवून त्याचा कागद होऊ देऊ नये. हवा पुरेशी ठेवावी. सुगीनंतर कुंपणे घातली जातात तेव्हा, आणि कुंपणांची छाटणी होते तेव्हा, रस्त्याची कड सोडून मध्याने चालावे. सराट्याच्या वाटेने गेल्यास उतरून चाकावरून जाड फडके फिरवावे, म्हणजे वर चिकटलेली फाक आत शिरण्यापूर्वीच निघते. टायर व ट्यूब ह्यांच्यामध्ये जुन्या टायरची पातळ पट्टी घातल्यास वजन वाढते, पण बाभळीचा काटा पुष्कळदा तेथेच थबकतो. अलीकडे ट्यूबेत घालावयाचे द्रव मिळते. ते लहान छिद्र आपोआप बुजविते. ते चांगलेच आहे. परंतु टायरात काटा राहिला असता त्याच्यावरही फार काळ विसंबता येत नाही.

हेब्बाळला ह्या विषयात आणखी एक मान आहे. काट्याने काटा काढावा, ही आपली म्हण. तिचा शास्त्रीय प्रयोग येथे चालतो. त्याची पूर्वपीठिका थोडी मागची आहे. लाल रंग देणारा किडा हिंदुस्थानात वाढवून स्पेनचा व्यापार मोडावा, अशी ईस्ट इंडिया कंपनीची इच्छा होती. १७९५ साली कॅप्टन नीलसन ह्याने ब्राझीलहून तो म्हणून जो किडा आणला, तो भलत्याच जातीचा निघाला. रंग त्याने दिला नाही. मात्र फड्या निवडुंगाची एक जात त्याने खाऊन टाकली. कंपनीचा बेत फसला आणि शेतकऱ्याचे काम झाले! १८६३ नंतर तोच किडा बुद्धिपुरस्सर दक्षिणेत सोडण्यात आला. आणि उरलेल्या जातींसाठी १९२६ साली सिलोनहून दुसरा किडा आणण्यात आला. गावेच्या गावे निवडुंगाच्या वेढ्यातून मोकळी झाली. १९५७ साली बंगळूरात राष्ट्रकुलाच्या जैविक नियंत्रण संस्थेचे भारतीय केंद्र निघाले. त्याच कार्याचा वारसा चालविणारी कृषी कीटकांची राष्ट्रीय संस्था आज हेब्बाळलाच, बळ्ळारी मार्गावर आहे. सराट्यावरही हा उपाय जगात झाला आहे. त्याचे खोड आणि बी पोखरणारे दोन सोंडकिडे १९६१ साली इटलीहून अमेरिकेत नेऊन सोडले गेले.

मग वेड्या बाभळीवर असाच किडा का सोडू नये, असे कोणी विचारील. येथे प्रश्न अवघड होतो. तिचा काटा सर्वांस नको आहे, पण तिचे लाकूड अनेकांस हवे आहे. दक्षिण आफ्रिकेने १९८७ साली केवळ बी खाणारे भुंगेरे निवडले, ते उभे झाड आणि त्याच्या शेंगांचा चारा टिकावा म्हणूनच. एकाच्या चाकातला काटा हे दुसऱ्याच्या चुलीतले जळण असते, तेव्हा ‘समूळ उपटा’ असा एका ओळीचा आदेश लिहिणे सोपे. तो अमलात आणताना कोणाची चूल विझते, हे पाहणे कठीण. १८७६ च्या पत्रात जी उणीव राहिली, तीच उलट्या बाजूने पुन्हा राहू नये, एवढीच अपेक्षा.

आम्ही कचेरीत बसून टिप्पणी लिहितो, तेव्हा आमच्यापुढे कागद असतो, रस्ता नसतो. हेब्बाळच्या कडेकडेने आजही जे सायकलवरून जातात ते बहुधा माळी, पहारेकरी, बांधकामावरचे मजूर. त्यांचे चाक बसले म्हणजे त्या दिवशीचा उशीर त्यांच्या मजुरीतून कापला जातो. त्यांच्या तक्रारीची फाइल कोठे निघत नाही, म्हणून तो खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. ट्यूबेवर ठिगळावर ठिगळ लावण्याची विद्या आमच्या खात्यांना चांगली अवगत आहे. टायराच्या आत बोट फिरवून मोडलेले टोक शोधण्याची विद्या मात्र अजून झाडाखालच्या त्या कारागिरापाशीच आहे. ‘कंटकशोधन’ ह्या शब्दात शोधन म्हणजे केवळ उपटणे नव्हे. शोधन म्हणजे शुद्ध करणे, आणि ते करावयाचे तर आधी काटा नेमका कोठे आहे, हे बोटाला कळले पाहिजे. हाताला थोडे टोचेल. परंतु त्यावाचून पंक्चर निघत नाही.